आठ घरांचा शब्द

आमच्या जिल्ह्यात साप्ताहिक शेवटच्या पानापासून वाचतात. त्या पानावर वरच्या अर्ध्या भागात कोण कोण वारलं ते असतं आणि खाली शब्दकोडं. वरची यादी वाचून झाली, तीत आपलं नाव नाही अशी खात्री पटली, की माणूस पेन्सिल शोधायला लागतो. ते कोडं चोवीस वर्षं व्हिर्वेनं केलं. सगळा जिल्हा तिला बाई म्हणतो, कारण व्होरूच्या आसपास चाळिशीपुढचा असा माणूस मिळणं कठीण, ज्याचा निबंध तिनं लाल शाईत बुडवला नाही.

राजधानीतल्या, तालिनच्या मोठ्या वर्तमानपत्रांतली कोडी आफ्रिकेतल्या नद्या विचारतात, नट्यांच्या दुसऱ्या नवऱ्यांची नावं विचारतात. व्हिर्वेचं कोडं असलं काही विचारायचं नाही. ‘रानात चकवा लागला तर सदरा कसा घालावा?’ उलटा. ‘तिठ्यावर रक्ताचे तीन थेंब पिऊन जिवंत होतो आणि शेजाऱ्याच्या गोठ्यातलं दूध मालकाकडे आणतो.’ हा भुताचा गडी आमच्याकडे अगदी शेंबड्या पोरालाही माहीत. ‘सॉनाच्या दाराशी लावतात, वीजही अडते आणि दृष्टही.’ ‘गाय व्याली की पहिल्या दुधाची धार कोणाच्या मुळाशी?’ झाडं, झाडांतले देव, गडगडाट करणारा म्हातारा, बुडालेल्यांचे आत्मे. दर गुरुवारी ही मंडळी उभी-आडवी चौकटीत येऊन बसायची.

लोक तिला फोन करून भांडायचे. “बाई, माझी आजी पहिलं दूध बर्चच्या मुळाशी घालायची. तुम्ही लिंडन कसं लिहिलंत?”

“आजी कुठल्या गावची?”

“नदीपलीकडची.”

“मग तुमचंही बरोबर. पण घरं सहाच आहेत आणि त्यांत माझंच बसतं,” असं म्हणून ती फोन ठेवायची.

यातली गंमत अशी, की हे सगळं तिनंच एके काळी शाळेत पोरांच्या डोक्यांतून खरवडून काढलं होतं. देवधर्म न मानणाऱ्या जुन्या राजवटीत तिचा विषय मातृभाषा, आणि त्याच्या जोडीला अंधश्रद्धा-निर्मूलन. सांस्कृतिक भवनात ती त्यावर भाषणंही द्यायची, आणि चांगली द्यायची. मग राज्य बदललं, जुन्या गोष्टींना भाव आला, आणि साप्ताहिकाच्या संपादकाला कोडं करणारं कोणीतरी हवं होतं. ज्या बाईनं सगळं पुसून टाकलं होतं, तिलाच सगळं पाठ होतं. लोकांनी मनात धरलं नाही. आमच्याकडे माणसाचं मागचं फार उकरत नाहीत, कारण उकरायला लागलं तर प्रत्येकाच्याच अंगणात काही ना काही निघतं.

कोड्याखाली एक कुपन असायचं. ते भरून, कापून साप्ताहिकाच्या कचेरीत पाठवायचं. सोमवारी कचेरीतल्या टेबलावर टिनाचा डबा ठेवून व्हिर्वे हात घालायची आणि एक कुपन काढायची. ज्याचं निघेल त्याला अर्धा किलो कॉफी. शंभर-सव्वाशे कुपनं यायची. त्यांत एक कुपन पाडुवेरे गावाहून, जाड पेन्सिलीनं, छापील वाटावीत अशा चौकोनी अक्षरांत भरलेलं असायचं. चोवीस वर्षांत एकही आठवडा चुकलं नव्हतं आणि एकही अक्षर चुकीचं नव्हतं. ते तिच्या धाकट्या भावाचं, काल्योचं. तो तिच्याशी बेचाळीस वर्षं बोलत नव्हता.

म्हणजे खरं सांगायचं तर हे कोडं जिल्ह्यासाठी नव्हतंच. ती काल्योशी बोलत होती. दर आठवड्याला एखादी ओळ अशी असायची, की तिचं उत्तर इतरांना आडव्या शब्दांच्या आधारानंच काढावं लागे. काल्योला मात्र ते झटकन यावं. घरामागच्या तळ्याला आजी काय म्हणायची. वीज पडलेल्या ओकची ढलपी कुठल्या दुखण्यावर घासायची. एकदा तिनं विचारलं, ‘आजारी माणूस वाटेत तोंडावर ओढतो ते.’ उत्तर होतं शाल. संपादक पिरेत, हीसुद्धा तिचीच जुनी विद्यार्थिनी, डोकं खाजवत म्हणाली, “बाई, आजारी माणूस मफलर का ओढत नाही? टोपी का नाही?”

“मफलर बसत नाही,” व्हिर्वे म्हणाली.

खरी गोष्ट वेगळी होती. ती आणि काल्यो लहान असताना आजीला घसरगाडीत घालून डॉक्टरकडे नेलं होतं. रस्त्यात क्रूसाचं रान लागलं तशी आजीनं शाल तोंडावर ओढली, आणि बाप मागे वळून दोघांना दबक्या आवाजात म्हणाला, “आता या जागेचं नाव तोंडातून काढू नका. आजी आजारी आहे.” दोघं पोरं रान संपेपर्यंत ओठ मिटून बसली होती. काल्योच्या कुपनात ‘शाल’ अगदी ठळक उमटलेलं पाहून व्हिर्वेला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पण ज्या शब्दावरून सगळं तुटलं तो शब्द तिनं चोवीस वर्षांत एकदाही चौकटीत आणला नाही. रिस्तिपू. क्रूसाचं झाड. आमच्या लिपीत आठ अक्षरं.

आमच्याकडे मयत घरून स्मशानाकडे नेताना वाटेतल्या रानाशी थांबतात. घरचा पुरुष किंवा धर्मपुत्र, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेला मुलगा, कुऱ्हाड घेतो, एखाद्या पाइनची साल तासतो आणि खोडात क्रूस कोरतो. त्याला विणलेले हातमोजे देतात, सगळे एकेक घोट व्होडका घेतात, आणि गाडी पुढे जाते. गेलेल्या माणसाला घराची ओढ लागते आणि तो परत यायला निघतो. झाडाशी आला की आपला क्रूस बघतो, आपण मेलोय हे त्याला उमगतं आणि तो तिथेच थांबतो. तिथे त्याला बरं वाटतं. अशी झाडं कोणी तोडत नाही, त्यांची फांदीही कोणी आणत नाही.

व्हिर्वेचा बाप फेब्रुवारी चौऱ्याहत्तरमध्ये वारला. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि उपमुख्याध्यापिका व्हायची घटका जवळ आली होती. दोनच आठवड्यांपूर्वी तिनं सांस्कृतिक भवनात भाषण दिलं होतं, आणि त्यात ‘झाडाला ओरबाडणारी मागासलेली रूढी’ म्हणून याच क्रूसांची खिल्ली उडवली होती. हेडमास्तर पहिल्या रांगेत बसून माना डोलवत होते. आता तेच हेडमास्तर आपली गाडी घेऊन मयताला आले होते आणि ट्रकच्या मागोमाग येत होते. ट्रकच्या उघड्या हौद्यात स्प्रूसच्या फांद्यांवर पेटी, पेटीशेजारी बाकावर आई आणि काल्यो, काल्योच्या पायाशी कुऱ्हाड. व्हिर्वे पुढे ड्रायव्हरजवळ बसली होती.

वळणावर रान दिसलं आणि काल्योनं केबिनच्या टपावर दोनदा थाप मारली. ड्रायव्हरनं वेग कमी केला.

व्हिर्वेनं आरशात पाहिलं. हेडमास्तरांची गाडी मागेच होती.

“सरळ चला,” ती म्हणाली.

“बाई, रान आलंय.”

“मला दिसतंय. सरळ चला.”

ड्रायव्हरनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ट्रक पुढे काढला. वर थापा चालूच राहिल्या. आधी हाताच्या, मग मुठीच्या. रान संपेपर्यंत काल्यो ठोकत होता. मग थांबला. ते थांबणं व्हिर्वेच्या कानांतून पुढे कधीच गेलं नाही.

जेवणाच्या वेळी, बटाट्याच्या सॅलडचं ताट हातात घेऊन काल्यो तिच्यासमोर उभा राहिला. बावीस वर्षांचा पोरगा, डोळे सुजलेले. “बाबांनी आता थांबायचं कुठे, व्हिर्वे?” तो म्हणाला. “तूच सांग. तू शिकलेली आहेस.”

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

यात कडू गोष्ट पुढेच आहे. दोन वर्षांनी हेडमास्तरांची आई वारली. मयत निघालं, त्याच रानाशी थांबलं, आणि हेडमास्तरांनी कोट काढून स्वतः कुऱ्हाड हातात घेतली. क्रूस कोरून झाल्यावर घाम पुसत त्यांनी व्हिर्वेला व्होडकाचा पेला दिला आणि सहज म्हणाले, “तुमच्या वडलांच्या वेळी तुम्ही का थांबला नाहीत हो? आम्ही मागे पाहतच राहिलो.” म्हणजे ज्याच्या भीतीनं तिनं बापाला पुढे दामटलं, त्या माणसाच्या मनातही काही नव्हतं. तिनं पेला एका दमात संपवला आणि घरी येऊन दिवसभर दार लावून बसली. तेव्हा जाऊन काल्योच्या पाया पडायला हवं होतं. पण पाडुवेऱ्यात सगळे बघतील, बाई आल्या रडत म्हणतील, असं तिच्या मनात आलं, आणि ती गेली नाही.

आई पुढे सात वर्षं जगली. व्हिर्वे कधी तिच्याकडे गेली आणि बापाचा विषय निघाला, की आई एवढंच म्हणायची, “काल्योला विचार.” व्हिर्वेला तो टोमणा वाटायचा. आई गेली तेव्हा मयताची बस रानाशी थांबली. सगळे उतरले, व्हिर्वे खिडकीशी बसून राहिली. तिला नुसत्या पाठी दिसत होत्या आणि कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत होते. नंतर पाडुवेऱ्याच्या रस्त्यानं जायची वेळ आली, की ती बसमध्ये मुद्दाम डावीकडे बसायची. रान उजवीकडे लागतं.

लोक काय म्हणतील या एका भुतानं तिला जन्मभर छळलं. डब्यातून चोवीस वर्षांत दोनदा काल्योचं कुपन तिच्या हाताला लागलं होतं. दोन्ही वेळा ती चौकोनी अक्षरं बघून तिनं ते गुपचूप परत टाकलं आणि दुसरं काढलं. बहिणीनं भावाला कॉफी दिली असं कोणी म्हणायला नको. काल्योला कॉफी फार आवडायची.

यंदाच्या जानेवारीत पिरेत केक घेऊन तिच्या घरी आली. केक बघूनच व्हिर्वेनं ओळखलं.

“बंद करताय?”

“साप्ताहिक नाही, बाई. नुसतं कोडं,” पिरेत म्हणाली. तिला बसवत नव्हतं. “तालिनहून तयार मिळतं, पंधरा साप्ताहिकांना एकच. मालकांनी ठरवलंय. मार्चअखेरपर्यंत तुमचंच राहील.”

“नद्या विचारतील.”

“विचारतील.”

म्हणजे हातात बारा गुरुवार उरले. व्हिर्वेनं तीन आठवडे धीर गोळा केला आणि फेब्रुवारीच्या पहिल्या कोड्यात, मधोमध, उभी आठ घरं आखली. पुढे लिहिलं: ‘जिथे थांबायला हवं होतं आणि थांबलो नाही.’

पिरेतनं ते तीनदा वाचलं. “हे कोणाला सुटणार, बाई?”

“एकाला सुटलं तरी पुरे.”

तिनं मनाशी ठरवूनही टाकलं. त्यानं तो शब्द भरून पाठवला, तर ती माफी समजायची. रविवारच्या बसनं, उजवीकडच्या खिडकीत बसून पाडुवेऱ्याला जायचं आणि दार ठोठवायचं. लहानपणी त्याला आवडायचा तसा चक्क्याचा केक न्यायचा. चक्का तिनं मंगळवारीच आणून ठेवला.

कुपनं आली. जिल्ह्याला शब्द सुटला होता; आडव्या शब्दांनी निम्मी अक्षरं आपोआप येत होती आणि उरलेली आमच्याकडे कोणीही सांगेल. काल्योचं कुपन तिनं सगळ्यांत शेवटी उघडलं. सगळं कोडं भरलेलं होतं. मधल्या उभ्या रांगेत आडव्या शब्दांची चार अक्षरं होती आणि त्यांच्या मधली चार घरं कोरी होती.

तिनं ते कुपन उलटं करून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं, लिहून पुसलंय का तेही पाहिलं. पेन्सिलीचा ठिपकासुद्धा नव्हता. आधी तिला रडू आलं, मग राग आला. बेचाळीस वर्षांनी आपण वाकलो, तेही सगळ्या जिल्ह्यासमोर, आणि यानं तोंडावर दार लावलं! “नको तर नको,” ती स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं म्हणाली. कुपन टेबलाच्या खणात टाकलं. चक्का वाया जायला नको म्हणून केक केला आणि तीन दिवस एकटीनं खाल्ला.

नंतरच्या आठवड्यांत पाडुवेऱ्याहून कुपन आलं नाही. तिला वाटलं, रुसलाय. रुसायचं असेल तर रुसू दे, असं म्हणून तिनं पुढच्या कोड्यांत नुसते साप आणि बेडूक घातले.

मार्चच्या दुसऱ्या बुधवारी पानाचं प्रूफ आलं. सवयीप्रमाणे ती खालून वाचायला लागली: कोड्याची घरं मोजली, दोन चुका काढल्या, खाली सही केली. मग नजर वर गेली. चौथ्या चौकटीत काल्योचं नाव होतं, जन्मसाल होतं, पाडुवेरे होतं. आपण लहानपणी त्याला ज्या अक्षरांनी नाव लिहायला शिकवलं तीच अक्षरं छापून आलेली पाहत ती बसून राहिली. पिरेतचा फोन वाजत होता, तो तिनं उचलला नाही.

काल्योनं लग्न केलं नव्हतं. मयताचं सगळं ताइव्होनं पाहिलं. हा त्याचा धर्मपुत्र, पाडुवेऱ्यातलाच सुतार, पंचेचाळिशीचा. तोही व्हिर्वेच्याच हाताखालून गेलेला. ती फाटकाशी उतरली तेव्हा तिनं सगळ्यांत आधी त्याचा दंड धरला.

“ताइव्हो, रानाशी थांबायचं,” ती म्हणाली. “ऐकलंस ना? कोणी काही म्हणालं तरी थांबायचं.”

“कोण काय म्हणणार आहे, बाई?” ताइव्हो म्हणाला. “कुऱ्हाड गाडीतच आहे.”

रानाशी या वेळी ती उतरली. बर्फ अजून घोट्यापर्यंत होता. ताइव्हो एकाही झाडाकडे न बघता सरळ आत चालत गेला आणि एका थोराड पाइनपाशी थांबला. खोडावर दोन क्रूस होते. खालचा रुंद, स्पष्ट. वरचा जुना, डिंकानं काळा पडलेला, कडांनी साल आत वळून त्याला मिटवायला निघालेली.

“खालचा आजीचा, म्हणजे तुमच्या आईचा,” ताइव्हो म्हणाला. “त्याच्याखाली आता यांचा.”

“आणि वरचा?”

“वरचा तुमच्या वडलांचा.”

“बाबांचा नाही,” व्हिर्वे म्हणाली. “मी थांबू दिलं नव्हतं. तुला माहीत नाही, तू तेव्हा लहान होतास.”

ताइव्होनं कुऱ्हाड खाली टेकवली. “बाई, तिसऱ्या दिवशी काका आणि आजी दोघं चालत आले होते इथे, कमरेएवढ्या बर्फातून. मला इथेच उभं करून सांगितलंय त्यांनी. आजी म्हणाली, तो तिकडे पोचला असेल, पण घरी यायला निघेल तेव्हा वाट ही एकच आहे. तेव्हा त्याला दिसलं म्हणजे झालं.” मग तो जरा चाचरला. “तुम्हाला कोणी सांगितलं नाही?”

“मी कोणाला विचारलं नाही,” ती म्हणाली.

काल्योला विचार, असं आई सात वर्षं सांगत होती. टोमणा नव्हताच तो. एक साधा प्रश्न विचारायचा होता, आणि तिनं बाकी सगळं विचारलं, चोवीस वर्षं, साऱ्या जिल्ह्याला. बाप बेचाळीस वर्षं इथे सुखानं उभा होता आणि ती त्याला रस्त्यावर भटकताना बघत होती. ताइव्होनं साल तासली, उभा घाव घातला, आडवा घातला. तिनं पर्समधून हातमोजे काढून त्याला दिले. रात्री बसून विणले होते, एकाचा अंगठा जरा तोकडा झाला होता. ताइव्होनं ते तिथेच चढवले.

स्मशानातून परत आल्यावर काल्योच्या घरी जेवण होतं. कालवलेलं बीट, थिजवलेलं मटण, काळा पाव. ताइव्होच्या बायकोनं वाढलं. व्हिर्वेनं ताट तसंच बाजूला सरकवलं, तेव्हा ताइव्होनं तिला आतल्या खोलीत नेलं आणि कपाटावरून बुटांची तीन खोकी काढली. तिन्ही खोक्यांत साप्ताहिकाचं शेवटचं पान, वर्षवार दोऱ्यानं बांधलेलं.

“दर गुरुवारी दोन प्रती घ्यायचे,” तो म्हणाला. “एक पाठवायला, एक ठेवायला. पोस्टातली पोरगी हसायची त्यांना.”

सगळ्यांत वरचं पान फेब्रुवारीचं होतं. त्यातही मधली चार घरं कोरी होती.

“हे का नाही भरलं त्यानं?” व्हिर्वेचा आवाज तिलाच परका वाटला. “इतका राग होता का रे त्याच्या मनात?”

“राग?” ताइव्हो तिच्याकडे बघतच राहिला. “बाई, फुप्फुसं निकामी झाली होती त्यांची. ऑक्टोबरातच तार्तूच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. कोणाला बोलू नको, असं काका मला म्हणाले. त्या गुरुवारी मी इथेच बसलो होतो. हे वाचलं आणि कितीतरी वेळ हसत होते. व्हिर्वेनं विचारलं शेवटी, म्हणाले. मग सगळं भरलं आणि इथे येऊन पेन्सिल खाली ठेवली. मी म्हटलं, काका, हे तर सोपं आहे, लिहा ना. तर म्हणाले, वेडा आहेस का? आजारी माणसानं आपल्या झाडाचं नाव काढायचं नसतं, आणि लिहायचं तर मुळीच नसतं.”

व्हिर्वे खाटेच्या कडेवर बसली. शालीची आठवण तिला आता झाली. घसरगाडी, आजी, बापाचा दबका आवाज. तिनंच ते कोड्यात घातलं होतं, आणि त्यानं ठळक अक्षरांत भरलं होतं.

“मी म्हटलं, मग बाईंना कळायचं कसं?” ताइव्हो सांगत होता. “तर म्हणाले, तिला नाही कळणार तर कोणाला कळेल? तिला सगळं माहीत असतं. कोरी घरं बघून ती धावत येईल, बघ. त्यानंतर दर रविवारी बसच्या वेळेला मला सांगून खुर्ची खिडकीशी घ्यायला लावायचे. शेवटचे तीन रविवार तर बसवत नव्हतं, तरी.”

ती म्हणाली, “मी केक केला होता रे,” आणि तोंडावर रुमाल धरला. ताइव्होला केकचं काय ते कळलं नाही, पण तो शेजारी बसून राहिला.

तिला सगळं माहीत होतं यात खोटं काहीच नाही. चोवीस वर्षं तिनं जुन्या समजुती एकेक वेचून, धुऊन-पुसून चौकटीत मांडल्या. फक्त त्या कोणी खरंच मानत असेल, आणि तो आपला भाऊ असेल, एवढंच तिच्या ध्यानात आलं नाही. तिच्या जागी कोणी अडाणी म्हातारी असती तर ती कोरी घरं बघून त्याच दिवशी बसमध्ये बसली असती. हे मी म्हणत नाही, व्हिर्वे स्वतःच म्हणते, आणि म्हणताना आता लोकांची पर्वा करत नाही.

मार्चच्या शेवटच्या सोमवारी शेवटची सोडत होती. कचेरीत टिनाचा डबा मांडला होता. शेवटचं कोडं म्हणून कुपनं एकशे चाळीस आली होती, कित्येकांवर ‘बाई, धन्यवाद’ असं लिहिलेलं. व्हिर्वेनं पर्समधून एक जुनं कुपन काढलं, टेबलावर सपाट केलं आणि पिरेतकडे पेन्सिल मागितली. चार घरं कोरी होती. आता लिहायला हरकत नव्हती. तिनं काल्योसारखी चौकोनी अक्षरं काढायचा प्रयत्न केला, पण दुसरं अक्षर घराबाहेर गेलं.

कुपन तिनं डब्यात टाकलंच नाही. पिरेतच्या पुढे सरकवलं.

“विजेता,” ती म्हणाली.

पिरेतनं नाव वाचलं. “बाई, हे तर... आणि हे कोडंही फेब्रुवारीचं आहे.” तिनं डब्याकडे बोट केलं. “लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, बहिणीनं भावाला दिलं,” व्हिर्वे म्हणाली. “छाप.”

पिरेतनं छापलं. कोणी काही म्हणालं नाही. कॉफीचं पुडकं कचेरीच्या खिडकीत अजून ठेवलेलं आहे, न्यायला कोणी आलेलं नाही.